सोबत्याची कामं

एकट्याने परदेशी निघालेल्या माणसाला घरून मिळणारा पहिला सल्ला चोरांबद्दल असतो. पासपोर्ट कुठे दडवायचा, पैसे किती खिशांत वाटून ठेवायचे, अंधार पडल्यावर कुठे फिरकायचं नाही. टोकियोला निघालेल्यांनाही हेच ऐकवतात, आणि नेमकं तिथेच याचं काम सगळ्यात कमी. ज्या शहरात माणसं टेबल अडवायला स्वतःचा फोन ठेवून कॉफी आणायला जातात, तिथे खिसेकापूंची धास्ती घेऊन फिरणं म्हणजे लक्ष भलतीकडे ठेवणं.

माझ्या मते प्रश्न वेगळाच आहे. बरोबरचा माणूस चोरांपासून फारसा वाचवत नाही, पण इतर कामं मुकाट्याने करत असतो. आपण तिकीट काढेपर्यंत बॅग सांभाळतो. आपण चुकीच्या दिशेने निघालो की बाही ओढतो. ‘साडेअकरा झाले, चला’ म्हणतो. ताप आला तर औषध आणतो. एकटं जायचं तर ही कामं आधीच कुणाकडे तरी सोपवून निघायला हवं. टोकियोची गंमत अशी, की त्यातली बरीच कामं हे शहर आपणहून अंगावर घेतं. २०२०च्या जनगणनेत तिथली जवळपास निम्मी घरं एकट्या माणसाची निघाली. एकट्याची सोय ही त्या शहराची रोजची गरज आहे, पाहुण्यांसाठी केलेला उपकार नव्हे.

बॅगेचं काम सगळ्यात सोपं. बहुतेक मोठ्या स्टेशनांवर नाण्यांवर किंवा प्रवासाच्या कार्डावर चालणारे लॉकर असतात. मोठी सुटकेस असेल तर ती ओढूच नका. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात सामान पोचवणारी ‘ताक्क्युबिन’ सेवा १९७६पासून चालू आहे, आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. दोघं असतील तर जिन्यावरून सुटकेस उचलता येते. एकट्याने ती गर्दीच्या वेळी उचलली की मागचे शंभर जण खोळंबतात.

रस्ता सापडण्याचं काम जरा अवघड. शिंजुकू हे जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन, रोज लाखो माणसांची ये-जा. त्याला दोनशेहून जास्त दारं आहेत, आणि पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या तिथे येतात. चुकीच्या दारातून बाहेर पडलात तर योग्य दारापर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणून जिथे जायचं त्या जागेचं नाव एकवेळ विसरलात तरी चालेल, पण बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक लिहून घ्या. दारांवर ‘ए-३’, ‘बी-७’ असे क्रमांक ठळक असतात. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनालाही अक्षर आणि आकडा आहे, त्यामुळे जपानी वाचता आलं नाही तरी आकडे मोजत उतरता येतं.

बाहेर आल्यावर खरी परीक्षा. टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता असतो तो तुकड्यांचा: आधी वस्ती, मग तिचा विभाग, मग ठोकळा, मग ठोकळ्यातली इमारत. सदाशिव पेठेत घरनंबर घेऊन फिरलेल्या माणसाला हे फार परकं वाटणार नाही. तिथेही शेवटी विचारावंच लागतं. टोकियोत विचारायची जागा म्हणजे ‘कोबान’, नाक्यावरची छोटी पोलीस चौकी. आपल्याकडे पोलीस चौकीत पाऊल टाकायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो. तिथे पत्ता सांगणं हेच चौकीतलं नेहमीचं काम, आणि आत परिसराचा मोठा नकाशाही असतो. हरवलेली छत्री किंवा पाकीट सापडलं तर लोक तिथेच आणून देतात. मात्र जाताना पासपोर्ट जवळ हवा. परदेशी प्रवाशाने तो कायम बाळगावा असा जपानचा कायदाच आहे, त्यामुळे ‘हॉटेलच्या तिजोरीत ठेवा’ हा घरचा सल्ला इथे चालत नाही. हॉटेलचं जपानी अक्षरांत छापलेलं कार्डही खिशात असू द्या. टॅक्सीवाल्यापुढे ते धरलं की संभाषण संपतं. टॅक्सीचं दार तो स्वतःच उघडतो आणि लावतोही, तुम्ही हात लावू नका.

आता घड्याळाकडे बघण्याचं काम. हे मात्र शहर तुमच्यासाठी करत नाही, आणि एकट्या माणसाची फजिती इथेच होते. एवढ्या अवाढव्य शहराची रेल्वे रात्रभर चालत असेल असं आपण धरून चालतो. ती चालत नाही. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास, बहुतेक साडेबारापर्यंत. पहिली गाडी पहाटे पाचच्या सुमारास. मधल्या वेळात टॅक्सी, आणि रात्री दहा ते पहाटे पाच तिला वीस टक्के जादा भाडं. गाडी बदलायची असेल तर शेवटची गाडी आपल्याला वाटते त्याच्याही आधी सुटलेली असते, कारण पुढच्या मार्गावरची शेवटची गाडी आधीच गेलेली असते. फोनवर अकराचा गजर लावा. तो तुमचा सोबती. विमान रात्री उशिरा नारिताला उतरणार असेल तर हा हिशेब तिकीट काढतानाच करा. नारिता शहरापासून साठेक किलोमीटर दूर आहे, हानेदा हा दुसरा विमानतळ शहराच्या हद्दीत. दोन-तीन हजार रुपये वाचवायला नारिताची रात्रीची वेळ घेणारे ते पैसे टॅक्सीच्या पहिल्या काही किलोमीटरांतच घालवतात.

गजर लावायचं आणखी एक कारण काबुकिचो. शिंजुकूच्या या भागात रात्री हसतमुख माणसं एकट्या पर्यटकाला गाठून ‘स्वस्त बार’ दाखवायला नेतात, आणि बिल येतं तेव्हा पुढची दोन शहरं प्रवासातून वगळावी लागतात. असं गिऱ्हाईक ओढणं बेकायदा आहे, त्याविरुद्ध भोंग्यावरून सूचनाही चालू असतात. तरी माणसं जातात. टोकियोत रस्त्यात आपणहून बोलायला येणारी माणसं मुळात फार कमी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

बायकांना गर्दीतल्या छेडछाडीचा त्रास तिथेही आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. सकाळच्या गर्दीत अनेक मार्गांवर महिलांचा डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही.

जेवणाचं काय? एकटं जेवणं टोकियोत लाजिरवाणं नाही. दाराशी यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, काउंटरपाशी बसायचं, पंधरा मिनिटांत उठायचं. एकटा फिरता विक्रेता दुपारी कुठे काय खातो एवढ्याच गोष्टीवर ‘कोदोकु नो गुरुमे’ ही चित्रकथा उभी आहे, आणि तिच्यावरची टीव्ही मालिका २०१२पासून लोक आवडीने बघतात. अडचण शाकाहाऱ्यांची. तिथल्या रश्शाचा पाया म्हणजे ‘दाशी’, आणि त्यात सुकवलेल्या माशाचा कीस असतो. ‘मांस नको’ म्हटलं तरी साध्या उदोन नूडल्सच्या वाटीत मासा येतोच. अंडं-मासा चालणाऱ्याला टोकियो स्वर्ग आहे. कट्टर शाकाहाऱ्याने न्याहारी घरच्या डब्याची, एक जेवण आधी शोधून ठेवलेल्या जागी, एवढं नियोजन करावं. अगदीच वरण-भाताची आठवण आली तर एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. गेल्या पंचवीसेक वर्षांत आयटीतल्या भारतीयांनी ही वस्ती भरली. २०१९मध्ये याच वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे महाराष्ट्रातले. पण पहिल्याच संध्याकाळी तिकडे धावू नका, नाहीतर रोज तिकडेच जाल.

औषधं इथूनच न्या, मात्र डबा तपासून. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतलं स्युडोएफेड्रीन आणि कोडीन ठरावीक प्रमाणापुढे जपानमध्ये नेता येत नाही. रोजच्या गोळ्या महिन्याभराहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

राहिला भूकंप. छोटे धक्के तिथे नित्याचे. पलंग हलला म्हणून एकट्याने घाबरून जिन्याकडे पळू नये, आजूबाजूचे लोक काय करतात ते पाहावं. मोठ्याची गोष्ट वेगळी. मार्च २०११च्या भूकंपात टोकियोतल्या गाड्या थांबल्या, मोबाइलवर बोलणं जवळजवळ अशक्य झालं आणि लाखो माणसं रात्री चालत घरी निघाली. तेव्हा निघण्यापूर्वी घरच्यांशी एवढं ठरवा: टीव्हीवर टोकियो हललेलं दिसलं तर फोनवर फोन करायचे नाहीत, मेसेज टाकून थांबायचं. आणि भारतापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं हेही सांगून ठेवा, म्हणजे निदान ‘पोचलीस का?’ म्हणून आईचा रात्री साडेनऊचा फोन तिथे मध्यरात्री एकला खणखणणार नाही.