वाचवलेले पाणी कुणाचे?

मागच्या महिन्यात आळंदीजवळच्या एका विहारात आमची बैठक होती. पुढच्या कार्यक्रमांची यादी ठरत होती. मी एक विषय सुचवला : घरगुती पाण्याची बचत. एक तरुण कार्यकर्ता लगेच उभा राहिला. वयाने माझ्याहून लहान, पण चळवळीत पक्का. म्हणाला, "ताई, पाणी वाचवा हा आपला विषय नाही. ज्यांनी हजारो वर्षं आपल्याला पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांनी आता आपल्याला पाणी जपून वापरायला शिकवायचं? आधी त्यांचे स्विमिंग पूल बंद करायला सांगा." टाळ्या पडल्या. मीही हसले. विषय यादीतून निघाला.

रात्री घरी आले तर आमच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी धो धो वाहत होती. वॉचमन मोटार बंद करायला विसरला होता. पार्किंगमध्ये पाण्याचे ओहोळ. सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारात दोन रिकामे कॅन घेऊन उभ्या. त्या नदीपलीकडे चाळीत भाड्याच्या खोलीत राहतात. म्हणाल्या, "ताई, जाताना हे भरून नेऊ का? तिकडं तीन दिवस झाले नळाला पाणी नाही. पण तुमचं नाव सांगीन खाली. नाहीतर वॉचमन सोडत नाही."

वॉचमन का सोडत नाही, ते मला माहीत होते. आमच्या लिफ्टमध्ये एक नोटीस लावलेली आहे : कामवाल्या बायकांनी सोसायटीतून पाणी भरून नेऊ नये. कित्येक महिने मी त्या नोटिशीसमोर उभी राहून वर-खाली करते आहे. दर २० मार्चला चवदार तळ्यावर भाषण करणारी मी! त्या नोटिशीत मला महाड दिसले नाही. कारण या वेळी तळ्याच्या आतल्या बाजूला मी होते.

बैठकीत द्यायला हवे होते ते उत्तर आज देते आहे.

आधी मित्राचे बरोबर काय, ते मान्य करू. पाणीबचतीचा उपदेश आपल्याकडे उलट्या दिशेने वाहतो. ज्यांच्या घरी शॉवर आहे, गाडी धुवायला पाइप आहे, ते पोस्टर लावतात. आणि वाचायला लावतात त्या बाईला, जी डोक्यावरून हंडा आणते. हंडा वाहणाऱ्या बाईला बचत शिकवण्याची गरज नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ती भांडी विसळते, भांडी विसळलेल्या पाण्याने मोरी धुते. तिच्या मानेला आणि कमरेला प्रत्येक लिटरचे वजन ठाऊक आहे. तिला "पाणी म्हणजे जीवन" ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे. शेती आणि उद्योग पाण्याचा सर्वात मोठा वाटा घेतात, घरांचा वाटा त्यापुढे लहान आहे, हेही खरे.

पण मित्रांनो, आता आपण सगळेच हंडा वाहणारे राहिलेलो नाही. बाबासाहेबांच्या पुण्याईने आणि आईबापांच्या कष्टाने आपल्यातले हजारो जण मोशी, चिखली, दिघी, चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये आलो. कुणी चाकणच्या कंपनीत इंजिनिअर, कुणी शिक्षक, कुणी बँकेत. आपल्या घरात आरओ आहे, वॉशिंग मशीन आहे, फ्लश आहे. मी आमच्या आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली एकदा बादली ठेवली. पिण्याचे एक भांडे भरेपर्यंत तशी जवळजवळ तीन भांडी पाणी मोरीत जात होते. जुन्या पद्धतीचा फ्लश एका वेळी दहा-बारा लिटर ओढतो. चार माणसांच्या घरात दिवसाला किती झाले, तुम्हीच गुणाकार करा. आता प्रश्न असा : "पाणी वाचवा हा आपला विषय नाही", हे वाक्य मावशी म्हणाल्या तर तो विद्रोह आहे. मी म्हणाले तर?

हे पाणी येते कुठून, तेही पाहू. पिंपरी-चिंचवडचे मुख्य पाणी मावळातल्या पवना धरणाचे. त्या धरणातून बंद जलवाहिनी टाकायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यात एक बाई होती. शहराची तहान वाढली, पवना पुरेना. २५ नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केले. मग आंद्रा आणि भामा-आसखेड या धरणांमधून मिळून दिवसाला २६७ दशलक्ष लिटर पाणी शहरासाठी मंजूर झाले. भामा-आसखेडमध्ये जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली. म्हणजे आपल्या नळाच्या एका टोकाला कुणाची तरी बुडालेली जमीन आहे. आपण टाकी वाहू देतो, तेव्हा ती जमीन दुसऱ्यांदा बुडवतो.

आणि नळाचे दुसरे टोक? ते आळंदीत उघडते.

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. त्यातले जे प्रक्रियेविना सुटते, ते नाल्याने इंद्रायणीला मिळते. त्यात कारखान्यांचे रसायन मिसळते, आपल्या मशीनमधली साबणाची पावडर मिसळते, आणि आळंदीच्या बंधाऱ्यावर पांढराशुभ्र फेस तरंगतो. कार्तिकीला, आषाढी पालखीला आलेले वारकरी त्याच फेसात स्नान करतात. दरवर्षी फोटो छापून येतात, दरवर्षी आश्वासने मिळतात. ज्या नदीने गावाला पाणी पाजायचे, तिच्या काठच्या आळंदीला पिण्याचे पाणी भामा-आसखेडहून आणावे लागले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२७ मध्ये आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले, तर महाडच्या सनातन्यांनी पंचगव्य घातलेल्या १०८ घागरींनी तळे "शुद्ध" केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले! आज इंद्रायणीत रोज मैला आणि रसायन जाते. पण कुठल्या धर्ममार्तंडाचे पाणी बाटल्याचे ऐकिवात नाही. स्पर्शाने बाटणारे पाणी फेसाने मात्र बाटत नाही. आणि हा फेस उपसायला, नाल्यात उतरायला, चेंबर साफ करायला ज्यांना पाठवले जाते ते कुठल्या वस्तीतले असतात, हे मी तुम्हाला सांगायला हवे का? सांडपाणी जितके जास्त, तितके गटार जास्त. गटार जितके जास्त, तितका आपलाच माणूस त्यात जास्त उतरणार. तरीही हा आपला विषय नाही?

महाड नीट आठवू या. मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागद झाला, पाणी मिळाले नाही. म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह. बाबासाहेब तिथे तहान भागवायला गेले नव्हते. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला गेले होते. कोर्टात लढाई दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ही सगळी लढाई कशावर उभी होती? तळे सार्वजनिक आहे, कुणा एकाच्या मालकीचे नाही, या एका तत्त्वावर. पाणी सगळ्यांचे असेल तर ते सांडण्याचा अधिकार एकट्याला कसा? "माझा नळ, माझे पाणी, मी बिल भरतो" हे वाक्य महाडच्या विरोधकांचे आहे. त्यांनीही कोर्टात हेच म्हटले होते : तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना दामोदर खोरे, महानदी या प्रकल्पांचा पाया त्यांनी घातला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलेला विचार आजही नवा वाटतो : महापुराचे पाणी हे संकट मानून समुद्रात लोटू नका, ते साठवा, माणसाचे नुकसान पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त होते. पाणी साठवणे आणि जपणे ही कल्पना आपण कुणाकडून उसनी घेतलेली नाही. त्याआधी जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये बांध घालून पाणी-माती अडवायचा आग्रह धरला. एकाच माणसाने हौद उघडला आणि पाणी अडवायलाही सांगितले. आपण मात्र या दोन गोष्टींची फाळणी करून बसलो : हौद उघडणे आपले, पाणी अडवणे त्यांचे!

आणि बौद्ध म्हणून बोलायचे तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, ही जुनी कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांनी दाखवले की कारण रोहिणी नदीचे पाणी होते. शाक्य आणि कोलीय दोघेही त्याच नदीवर शेती करत. कुणी आधी घ्यायचे, किती घ्यायचे, यावरून दर हंगामात भांडण. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने एकट्याने विरोध केला. त्याने सुचवले : दोन माणसे त्यांची, दोन आपली, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. संघाने ऐकले नाही, सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्माच्या सुरुवातीलाच एका नदीच्या वाटपाचा प्रश्न उभा आहे. विनयातही भिक्खूने पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये असा नियम आहे, आणि पाणी गाळायचे फडके ही त्याच्या मोजक्या वस्तूंपैकी एक.

आता शेवटचा आणि सर्वात खरा आक्षेप. मित्र म्हणेल, "ताई, तुम्ही बादलीभर पाणी वाचवलं म्हणून ते मावशींच्या खोलीत जाणार आहे का? ते नव्या टॉवरला जाईल."

अगदी बरोबर. इथेच पोस्टरवाल्यांची पाणीबचत आणि आपली पाणीबचत वेगळी होते. ते म्हणतात, वाचवा. आपण विचारायचे, वाचवलेले पाणी कुणाचे? मोशीच्या पुलावर उभे राहा. अलीकडे महापालिका : शहरी माणसासाठी सरकारी मापदंड दिवसाला १३५ लिटर. पलीकडे चिंबळी, कुरुळी, कागदावर ग्रामीण : जलजीवन मिशनचा मापदंड ५५ लिटर. कंपनी तीच, कामगार तोच, नदी तीच. पुलाच्या एका बाजूला माणूस १३५ लिटरचा आणि दुसऱ्या बाजूला ५५ लिटरचा! ते ५५ तरी चाळीतल्या भाडेकरूला मिळतात का, हे मावशींना विचारा. जात जन्माने ठरते. ही नवी उतरंड पत्त्याने ठरते. आणि कमी लिटरच्या पत्त्यावर कोण जास्त राहते, हे मराठवाडा-विदर्भातून चाकणला आलेल्या आपल्या पोरांना विचारा.

म्हणून तीन कामे सुचवते. पहिले, घरात मोजा. आठवडाभर मीटर लिहून ठेवा, माणशी लिटर काढा. आरओचे वाया जाणारे पाणी फरशीला, फ्लशला वापरा, गळका नळ आजच बदला, टाकीला फ्लोट व्हॉल्व बसवा. दुसरे, सोसायटीच्या सभेत तोंड उघडा. सांडपाणी प्रक्रियेचे यंत्र असेल तर चालते का, विचारा, आणि "कामवाल्या बायकांनी पाणी नेऊ नये" असली नोटीस दिसली तर फाडायच्या आधी सभेत वाचून दाखवा. लाज वाटली पाहिजे, नुसता कागद जाऊन उपयोग नाही. तिसरे, वाचवलेल्या पाण्यावर हक्क सांगा. कुठल्या भागाला किती पाणी, टँकर कुठे, कंपन्यांना किती, हे माहिती अधिकारात मागा. ग्रामसभेत भाडेकरूंच्या नळजोडणीचा ठराव मांडा. दलित वस्तीच्या निधीतून पाण्याची कामे होऊ शकतात. ती किती झाली, हिशेब मागा. पहिले काम तिसऱ्याशिवाय केले तर तो उपदेश होतो. तिसरे पहिल्याशिवाय केले तर समोरचा विचारतो, "तुमची टाकी का वाहते?" आणि आपल्याकडे उत्तर नसते.

गेल्या रविवारी मी सोसायटीच्या सभेत ती नोटीस वाचून दाखवली. आवाज कापत होता. दोघे बाजूने बोलले, चौघे विरोधात, बाकीचे मोबाइल बघत राहिले. चेअरमन म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा." मी विचारले, टाकी वाहते तेव्हा हा नियम कुणाला लागतो? निर्णय पुढच्या सभेवर गेला. तोवर मावशींचे दोन कॅन रोज माझ्या घरून भरून जातात, आणि लिफ्टने जातात. पण दोन कॅन म्हणजे न्याय नव्हे, हे त्यांनाही कळते आणि मलाही.

विहाराच्या पुढच्या बैठकीत मी तोच विषय पुन्हा मांडणार आहे. मित्रा, या वेळी तू टाळ्या घेऊ नकोस. तुझ्या मीटरचा आकडा घेऊन ये.

जय भीम!