साखळी आज नको, महिन्याने घ्या

चोक चेन म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेली साखळी. कुत्र्याने ओढलं की फास आवळतो, तो थांबला की सैल पडतो. क्षणभराचा झटका आणि लगेच ढील, हे मुरलेल्या ट्रेनरच्या हाताला जमतं. ऑफिसच्या घाईत फिरवणाऱ्या हाताला नाही. उलटी घातली तर साखळी नीट सैल पडतच नाही. मग तीस किलोचा लॅब्रॅडोर खोकत, घशातून घरघर करत ओढतच राहतो आणि शिकत मात्र काहीच नाही.

ही साखळी जायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती घालवायची कशी, हा प्रश्न आहे.

बंदी हा एक मार्ग. वेल्सने २०१० मध्ये शॉक कॉलरच्या वापरावर बंदी घातली, तशी ती आपल्याकडेही यावी. लिंकन विद्यापीठाने २०२० मध्ये ६३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाऊ आणि शाबासकी देऊन शिकवलेली कुत्री शॉक कॉलरवाल्यांच्या मागे पडली नाहीत, उलट काही बाबतींत सरसच ठरली. विजेच्या झटक्याचं समर्थन त्यानंतर उरत नाही. चोक चेनवर मात्र बंदीचा फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा जनावराला अवाजवी आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणं आजही गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पहाटेच्या गल्लीत कुणाच्या कुत्र्याच्या गळ्यात काय आहे, हे कोण तपासणार?

‘साखळी काढली तर याला आवरू कसा?’ ही मालकांची भीतीही खरी आहे. वाटेत भटकी कुत्री, दुचाक्या, शाळेला निघालेली मुलं. पासष्टीच्या बाईला कुत्र्याने एकदा जरी खाली पाडलं, तरी त्याचं फिरणं बंद होऊन तो दिवसभर बाल्कनीत बांधलेला राहील. काट्यांच्या पट्ट्यामुळेच हे कुत्रं घरात टिकलं, असं सांगणारा ट्रेनर कधी कधी खरंच बोलत असतो. अशा माणसाला थेट ‘क्रूर’ म्हटलं की तो आपलं ऐकणं बंद करतो आणि साखळी होती तिथेच राहते.

अमेरिकेतल्या पेट प्रोफेशनल गिल्डच्या ‘प्रोजेक्ट ट्रेड’ उपक्रमात जुनी चोक चेन किंवा शॉक कॉलर आणून दिली की प्रशिक्षणाच्या शुल्कात सवलत मिळते. मोल आहे ते त्या प्रशिक्षणाचं. साखळीऐवजी नुसता हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, हातात दिला तर फसगत ठरलेली. लीश अडकवायची कडी पाठीवर असेल तर कुत्रं छातीचं सगळं बळ लावून आणखी ओढतं आणि मालक वैतागून साखळीकडे परततो. कडी छातीवर असेल तर ओढताच ते बाजूला वळतं. मात्र पट्टा खांद्यांवरून आडवा गेला की चाल अडते, काखेत घासला की केस जातात. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. आधी घरात खाऊ देत घालायचा, मग पार्किंगमध्ये, मग रस्त्यावर. लीश सैल असेल तोवर चालायचं, ताणली की थांबायचं. याला काही आठवडे लागतात आणि त्या काळात धीर देणारं कुणी हवं. कुत्र्याला फिरवणारा मुलगा वेगळा असेल तर त्यालाही हेच शिकवायला हवं, नाहीतर मालकाची मेहनत रोज सकाळी वाया जाते.

पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांबाबत थांबायचं कारण नाही. त्यांचा श्वास आधीच अडतो, त्यांना आजच हार्नेस घालावा.

बाकीच्यांसाठी लसीच्या भेटीत डॉक्टरांनी पाच मिनिटं हार्नेस बसवून दाखवावा, सोसायट्यांनी रविवारी तासभर ट्रेनर बोलवावा. अदलाबदलीचा कार्यक्रम कुणी घेतलाच, तर पहिल्या दिवशी साखळी मागू नये. हार्नेस वापरायला द्यावा, महिन्याने पुन्हा बोलवावं आणि कुत्रं सैल लीशवर चालत असेल तेव्हा साखळी जमा करून घ्यावी.