पैंजणांचा आलेख

पॉवर बीआय, टॅब्लो ही नावे दहा वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. आज ती हुपरीसारख्या गावातील वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. आकड्यांचे चित्र काढून देणाऱ्या या संगणक-प्रणाली. त्या शिकविणारे वर्ग जागोजागी निघाले आहेत. काही आठवड्यांचा अभ्यास, शेवटी एक प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्राच्या आधारे पुण्याच्या एखाद्या कंपनीत शिरकाव होण्याची आशा. ही आशा अगदीच निराधार आहे असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि पहिल्यांदाच हे साधन हाती घेणारा विद्यार्थी त्यातून नेमके काय शिकतो, आणि काय शिकायचे राहून जाते, याचा विचार अध्यापकवर्गाने तरी करावयास हवा. तो होताना दिसत नाही.

या प्रणाली अवघड आहेत असा एक समज आहे. वस्तुतः त्या सोप्या आहेत, आणि खरी अडचण तेथेच आहे. पॉवर बीआयची मेजावरची आवृत्ती फुकट मिळते. लिबरऑफिस कॅल्कलाही पैसे पडत नाहीत. तक्ता उघडावा, एक रकाना आडव्या अक्षाकडे ओढावा, दुसरा उभ्या अक्षावर सोडावा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच रंगीत आलेख उभा राहतो. आमच्या पिढीने शाळेत आलेखकागदावर टोकदार पेन्सिलीने एकेक बिंदू मांडला. बिंदू मांडण्याआधी प्रमाण ठरवावे लागे, आणि ‘क्ष-अक्षावर १ सेंमी = १० एकके’ हे कोपऱ्यात लिहिल्याखेरीज मास्तर गुण देत नसत. त्या वेळी तो जाच वाटे. आता उमगते की, आलेखातले निम्मे शहाणपण त्या कोपऱ्यातल्या एका ओळीत होते. आज ती ओळ यंत्र लिहिते, आणि आपण ती वाचतही नाही.

एक साधे उदाहरण घ्या. समजा, एका कामाची मजुरी १०० रुपयांवरून १०८ रुपयांवर गेली. हे दोन आकडे एक्सेलमध्ये घालून स्तंभालेख काढला, तर आकड्यांतील फरक थोडा असल्याने एक्सेल उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता आपणहून वरच्या कुठल्या तरी आकड्यापासून सुरू करते. परिणामी दुसरा स्तंभ पहिल्याच्या कित्येक पट उंच दिसतो. आठ टक्क्यांची वाढ डोळ्यांना दुप्पट-तिप्पट भासते. यात लबाडी कोणाचीच नाही. पण हाच आलेख कारखानदारांच्या सभेत लावला, तर मजुरी किती भरमसाट वाढली आहे हे ‘सिद्ध’ झाल्यासारखे होईल. नवख्याने शिकायचे ते आलेख काढणे नव्हे; उभा अक्ष कोठून सुरू होतो हे पाहण्याची सवय आधी शिकायची.

आलेखाची उपयुक्तता मला नाकारायची नाही. फ्रान्सिस ॲन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांची सरासरी जवळपास तीच, सहसंबंधाचा गुणांकही तोच. पण आलेख काढताच चारांची चार रूपे. एकात बिंदू रेषेच्या आसपास विखुरलेले, एकात कमान, आणि उरलेल्या दोहोंत एकेका चुकार आकड्याने सगळा हिशेब ओढून नेलेला. कोरी सरासरी सांगणाऱ्या आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ही चपराकच म्हणावयाची. तेव्हा चित्र हवेच. प्रश्न एवढाच की, कशाचे?

हुपरी हे चांदीचे गाव. येथील पैंजण देशभर जातात, आणि चांदीचा रोजचा दर हा येथे हवामानाइतकाच बोलण्याचा विषय. साहजिकच विद्यार्थ्याला ‘तुझ्या मनाने एक आलेख काढून आण’ असे सांगितले की, तो चांदीच्या दराचा आलेख आणतो. रेषा डावीकडे खाली, उजवीकडे आभाळाला टेकलेली. वर शीर्षक: ‘चांदीची विक्रमी झेप’. आलेख बिनचूक असतो, आणि तरीही बरेचसे सांगायचे राहून जाते.

एप्रिल २०११ मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. औंस म्हणजे येथे सुमारे ३१.१ ग्रॅम; एका किलोत असे ३२ हून थोडे अधिक औंस. त्या सुमारास आपल्याकडे किलोचा भाव सत्तर हजारांच्या पुढे गेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने पुन्हा ५० डॉलरची रेषा गाठली आणि ओलांडली; या वेळी आपल्याकडे किलोचा भाव दीड लाखाच्या वर होता. जगाच्या बाजारात किंमत तीच, आपल्या पेठेत दुप्पट. मधला फरक गेला कोठे? २०११ च्या एप्रिलात डॉलरला सुमारे ४४ रुपये पडत. २०२५ च्या ऑक्टोबरात सुमारे ८८. म्हणजे या दोन शिखरांमधली चढण जवळजवळ सगळी चांदीची नव्हे, तर रुपयाच्या घसरणीची होती. आयातशुल्काचा वाटा निराळा. ते जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. ऑक्टोबरनंतर चांदी डॉलरमध्येही आणखी चढली, हे खरे. ती चढण मात्र चांदीच्या पदरात टाकावी लागेल. एक आलेख रुपयांत आणि त्याखाली दुसरा डॉलरमध्ये काढला, तर ही गोष्ट सातवीच्या मुलालाही कळेल. पण दुसरा आलेख काढावा असे प्रणाली कधीच सुचवीत नाही. ते सुचण्यासाठी विनिमयदर हा शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर येऊन गल्लीतल्या भट्टीपर्यंत पोहोचावा लागतो.

‘विक्रमी’ या शब्दाचेही असेच. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंनी चालविलेल्या साठेबाजीमुळे चांदी ५० डॉलरला भिडली होती, आणि त्याच वर्षी २७ मार्चला एका दिवसात गडगडली होती. अमेरिकेतील किंमतपातळी तेव्हापासून चौपटीहून अधिक वाढली आहे. त्या हिशेबाने १९८० चे ५० डॉलर म्हणजे आजचे दोनशेच्या वर होतात. विक्रम कोणत्या मोजपट्टीवर, हे ज्याने विचारले नाही त्याचा आलेख देखणा असेल, पण त्याचे अर्थशास्त्र कच्चे राहील.

परंतु माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. हुपरीत राहणाऱ्या मुलाने चांदीच्या दराचा आलेख का काढावा? कारण ते आकडे इंटरनेटवर तयार मिळतात. जे मिळते त्याचेच चित्र निघते, आणि ज्याचे चित्र निघते तेवढेच जगात आहे असे हळूहळू वाटू लागते. दर दुप्पट झाला म्हणून पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बाईची मिळकत दुप्पट होत नाही. तिची मजुरी कामाच्या वजनाशी बांधलेली. उलट दर चढला की गिऱ्हाईक तेवढ्याच पैशात हलके पैंजण मागते, उत्पादकाला तेवढ्याच किलोसाठी दुप्पट भांडवल गुंतवावे लागते, आणि घरोघरी वाटली जाणारी चांदी आखडते. गावाच्या दृष्टीने मोलाचा आलेख किलोच्या दराचा नाहीच. आठवड्याला किती किलो काम घरात आले याचा आहे. हे आकडे जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनात सापडणार नाहीत आणि कोणत्याही संकेतस्थळावरही नाहीत. ते कारागिराच्या वहीत आहेत. चांदी किती आली, किती परत दिली, टंच काय, घट किती, मजुरी किती: तारीखवार नोंद. अनेक विद्यार्थ्यांच्या घरात अशी वही असते, आणि ती ‘डेटा’ आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आकडे अपुरे आहेत ही सबब फार जुनी आहे, आणि तिचे उत्तरही तितकेच जुने. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली लंडनमध्ये आपला ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास’ काढला, तेव्हा इतर देशांच्या व्यापाराचे वर्षावर्षांचे आकडे त्याच्याजवळ होते, म्हणून त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे होते. त्याने ते सोडून दिले नाहीत. प्रत्येक देशाशी झालेली आयात-निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखविली. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो त्याचा हा आरंभ. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची जी पाहणी केली, जिचे खंड १९४५ आणि १९५२ साली निघाले, तीही तयार आकड्यांवर झाली नव्हती. माणसे घरोघर हिंडली होती.

शिक्षक आणि कारकून यांना हे सांगावे लागू नये. या राज्यात आकडे भरण्याचे सर्वाधिक काम हेच दोन वर्ग करतात. शाळेतील पटसंख्येपासून स्वच्छतागृहांपर्यंतची माहिती यू-डायस प्लसवर शिक्षक भरतो. ती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, आणि तिचा रंगीत आलेख दिल्लीत तयार होतो. भरणाऱ्याने तो क्वचितच पाहिलेला असतो. आपल्याच केंद्रातील मुलींची गळती कोणत्या इयत्तेत सुरू होते, हे पाहण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही; दहा शाळांचे आकडे आणि एक दुपार पुरे.

मात्र कचेरीतील एक सवय सोडावी लागेल. आपले तक्ते आपण साहेबांच्या नजरेसाठी बनवितो: चौकटी एकत्र करून मधोमध मोठे शीर्षक, त्याखाली उपशीर्षक, प्रत्येक पाच ओळींनंतर बेरीज. कागदावर ते शोभून दिसते. आलेखाच्या प्रणालीला त्यातले काही उमगत नाही. तिला एका ओळीत एकच नोंद लागते, आणि बेरीज तिची ती करते. मधल्या बेरजा तशाच ठेवल्या तर प्रत्येक किलो दोनदा मोजला जातो. तारखेचेही तसेच: संगणकाची मांडणी अमेरिकी राहिली असेल, तर आपली ५ मार्च तो ३ मे समजतो, आणि १३ तारखेपासून पुढे गोंधळून तारखेला साधा मजकूर मानतो. नवख्यांचा पहिला महिना असल्या गोष्टींत जातो. तो फुकट गेला असे कोणी समजू नये. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम आला आणि त्याने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांची कळफलकाची भीती घालविली, हे उपकार मोठेच. पण पुढे नोकरीसाठी प्रमाणपत्र तेवढे उरले आणि तक्ता पुन्हा टंकलेखनाचा कागद झाला. नव्या वर्गांचे तेच होण्याची धास्ती मला वाटते. आणखी एक सावधगिरी: टॅब्लोच्या फुकट सार्वजनिक व्यासपीठावर प्रसिद्ध केलेले काम जगाला खुले राहते. घरच्या वहीतली नावे, मजुरी, व्यापाऱ्याचे व्यवहार तेथे चढविण्यासाठी नसतात.

गेल्या सत्रात तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने वडिलांची वही तक्त्यात उतरवून आणली. वर्षभराचे आठवडे, प्रत्येक आठवड्याला झालेले काम किलोत. रेषालेख काढला तर रेषा बऱ्यापैकी सपाट; धंदा तेजी-मंदीशिवाय चाललेला. मी त्याला ओळी मोजावयास सांगितल्या. बावन्न असायला हव्या होत्या, सेहेचाळीस निघाल्या. ज्या आठवड्यांत काम नव्हते त्या आठवड्यांत वडिलांनी वहीत काही लिहिलेच नव्हते, आणि प्रणालीने अलीकडचा बिंदू पलीकडच्या बिंदूला जोडून मधली पोकळी बुजवून टाकली होती. रिकाम्या आठवड्यांत शून्य घाल, असे मी म्हणालो. तो काही वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, सगळ्याच जागी शून्य घालता यायचं नाही. घरात विचारून सांगतो.’’ दुसऱ्या दिवशी तो आला. सहापैकी पाच आठवडे भट्टी थंड होती. तेथे शून्य पडले आणि रेषा पाच ठिकाणी तळाला गेली. सहाव्या आठवड्यात काम होते, पण थोरल्या बहिणीचे लग्न असल्याने वही लिहायची राहून गेली होती. ती जागा त्याने रिकामी ठेवली आणि आलेखाखाली तसे लिहिले.