उष्माघात : आधी अंग थंड करा, मग दवाखाना गाठा

वैशाखाचे ऊन तापू लागले की 'अमक्याला ऊन लागले' हे शब्द गावोगावी कानी पडतात. ऊन लागणे म्हणजे थोडी घेरी, थोडा थकवा, असे आपण समजतो. सावलीत निजले की बरे वाटेल, असेही म्हणतो. पुष्कळदा तसे होतेही. परंतु कधी कधी त्याच थकव्याचा उष्माघात होतो, आणि मग घटकाभराचा विलंबही जिवावर बेतू शकतो. म्हणून या दोहोंतील भेद प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे.

आपल्या शरीराची उष्णता साधारणपणे ३७ अंश सेल्सियस असते. ती वाढू लागली की घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. अंगातील पाणी सरले किंवा हवेत दमटपणा फार असला, तर ही व्यवस्था कोलमडते. ग्वाल्हेरकडील कोरडी लू अंगातील पाणी शोषून घेते. गोव्याच्या किनाऱ्यावर घाम येतो, पण वाळत नाही. धोका दोन्हीकडे आहे. दि. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळा झाला. तापमान सुमारे ३८ अंशच होते. तरीही उन्हामुळे १४ माणसे दगावली.

साध्या थकव्यात घाम फार येतो, डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात. पण माणूस शुद्धीवर असतो व नीट बोलतो. त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत आणि घोट घोट पाणी पाजावे. उष्माघातात मात्र अंग भट्टीसारखे तापते. ताप ४० अंशांवर, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा त्याची शुद्ध हरपते. घाम थांबलेला असेलच असे नाही. शेतात राबणाऱ्याचे अंग घामाने ओलेही असते. तेव्हा त्वचेपेक्षा बोलण्याकडे व भानाकडे लक्ष द्यावे.

अशा वेळी एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इतरांनी त्याच क्षणी रोग्यास सावलीत नेऊन त्याचे जादा कपडे काढावेत. अंगावर बादल्यांनी पाणी ओतावे, पंख्याने वारा घालावा, मान, काखा व जांघांत ओली फडकी किंवा बर्फ ठेवावा. वाहन येईपर्यंत आणि वाटेतही हे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर निजवावे. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही, कारण हा ताप रोगजंतूंचा नव्हे. कांदा चोळण्यात वेळ दवडू नये.

उष्माघात टाळणे मात्र आपल्या हाती आहे. शेतीची कामे सकाळी व सायंकाळी उरकावीत. दुपारी १२ ते ३ उन्हात राबणे टाळावे. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत ही आपली जुनी पेये उत्तमच. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले तरी चालते. हृदय, मूत्रपिंड वा रक्तदाबाच्या रोग्यांनी मात्र वैद्यांचा सल्ला घ्यावा. दारू उन्हाळ्यात विशेष घातक असते. कामावर नव्याने आलेल्या मजुरास उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण काम सांगू नये.

उष्माघात केवळ उन्हात गेलेल्यांनाच होतो, असेही नाही. पत्र्याच्या छपराखाली एकटी पडलेली म्हातारी आजी, तान्हे मूल, गरोदर सून यांनाही तो गाठतो. म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवते. त्या पाणी मागणार नाहीत. भर दुपारी घरातील कोणीतरी त्यांच्याजवळ जावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि दोन शब्द बोलावेत. उत्तर नीट आले, तर काळजीचे कारण नाही. न आले, तर काय करायचे ते आता आपणास ठाऊक आहे.