‘बेओवुल्फ’ : शुद्ध मुळाचा भ्रम

‘बेओवुल्फ’ हे मूळचे पेगन जर्मानिक वीरकाव्य असून त्यातील ख्रिस्ती अंश मठवासी लेखनिकांनी मागाहून घुसडला, हे मत तज्ज्ञांत केव्हाच मागे पडले आहे. वाङ्मयेतिहासाच्या सुटसुटीत पुस्तकांतून मात्र ते अद्याप सुखाने नांदते. त्याचा प्रतिवाद आवश्यक आहे. कारण प्रश्न एका काव्यापुरता नसून संहिता पुरावा म्हणून कशी वापरावी, या रीतीचा आहे.

हे ३१८२ ओळींचे काव्य इ. स. १०००च्या सुमारास दोन लेखनिकांनी उतरवलेल्या एकमेव हस्तलिखितात उरले. १७३१च्या आगीत तेही कडांना होरपळले. ताडून पाहण्यास दुसरी प्रत नाही. अशा स्थितीत प्रक्षेप ठरवायचा कोणत्या निकषावर? १८६९ मध्ये कार्ल म्यूलेनहोफ यांनी काव्याचे थर सोलण्यास आरंभ केला. त्या परंपरेत प्राचीन जर्मानिक समाजाच्या गृहीत चित्रात जे बसत नाही ते प्रक्षिप्त ठरते आणि उरलेल्या ओळींवरून तेच चित्र सिद्ध केले जाते. हा उघड अन्योन्याश्रय दोष होय.

यावर असे म्हटले जाईल की, काव्यातील आख्यायिका जुन्याच आहेत. ह्यगेलाकच्या स्वारीचा उल्लेख सहाव्या शतकातील तूरच्या ग्रेगरीकडेही सापडतो. हे खरेच आहे. परंतु आख्यायिकेचे वय म्हणजे काव्याचे वय नव्हे.

संहितेचीच साक्ष घ्यावी. ग्रेंडेल हा केनचा वंशज आहे आणि हेओरोटच्या सभागृहात गायिले जाणारे सृष्टिनिर्मितीचे गीत ऐकून त्याचा जळफळाट होतो. हा ‘प्रक्षेप’ वगळला, तर राक्षसाला कुळ उरत नाही आणि वैराला कारणही उरत नाही. दुसऱ्या टोकाला, नायकाला ख्रिस्ताचे रूपक मानणारेही संहितेशी तितकाच अन्याय करतात. काव्यात ख्रिस्ताचे नावही नाही आणि नायकाचा देह चितेवर दहन होतो. ज्यांचा पराक्रम वंदनीय वाटतो, पण ज्यांच्या मुक्तीची ग्वाही देता येत नाही, अशा पूर्वजांकडे ख्रिस्ती कवी पाहत आहे. हा ताण हेच काव्याचे मर्म होय. थर सोलणारा टीकाकार नेमका तोच नष्ट करतो.

शुद्ध मुळाची ही ओढ निरागस नाही. १८१५ मध्ये कोपनहेगन येथे थोर्केलिन यांनी हे काव्य डॅनिश म्हणून छापले, जर्मन पंडितांनी ते आपल्या वंशाचे ठरवले, इंग्रजांनी त्याला राष्ट्रीय महाकाव्य केले. वास्तविक त्यातील एकही प्रसंग इंग्लंडच्या भूमीवर घडत नाही. कथा डेन आणि गीट लोकांची आहे. २०१९ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातून ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द काढला. पाटी बदलणे योग्यच. पण मुळाचा ध्यास कायम राहिला, तर जुनाच वंशाभिमान नव्या पाटीखाली वावरेल.

१९३६च्या व्याख्यानात टॉल्किन यांनी ‘बेओवुल्फ’ काव्य म्हणून वाचण्याचा आग्रह धरला. त्यांचे ऋण मोठे आहे, तरी त्यांचा शब्दही अखेरचा नव्हे. तारुण्य आणि वार्धक्य असा द्विदल तोल मांडताना ग्रेंडेलच्या आईचे युद्ध त्यांच्या विवेचनात जवळपास लोपते. म्हणजे वगळण्याचा मोह समग्रतेच्या पुरस्कर्त्यालाही सुटत नाही. जे गैरसोयीचे आहे ते परके, ही समजूत सोडल्याखेरीज या काव्याचे वाचन सुरूच होत नाही.