ज्याला ते ‘पॉइंट’ म्हणतात

आवणी उरकत आली. बाया इरलं पांघरून खाचरात वाकलेल्या आहेत आणि बांधाच्या वरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आहे. दरसाल आषाढ-श्रावणात हे असंच चालतं. शनिवार-रविवार आला की भंडारदरा, रंधा, रतनवाडी, घाटघर, साम्रद, सगळीकडं मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या. धबधबे बघायला, धुकं बघायला, सांदण दरी बघायला लोक येतात. येऊ द्या. डोंगर बघायला येणाऱ्या माणसावर आमचा राग नाही. आपल्या दारातून तहानलेला माणूस पाणी न पिता कधी गेलेला नाही.

पण गाड्यांमधून आता दुसरी माणसंही उतरतायत. त्यांच्या हातात कॅमेरा नाही, सातबाऱ्याचे उतारे आहेत. “ही कड्याजवळची जमीन कोणाची? इथून पाणी दिसतं का? म्हातारा कुठंय, अंगठा देईल का?” असं विचारत ती वाडीवाडीतून फिरतायत. गावाकडं विकास येतोय, पोरांना काम मिळेल, असं सांगतायत. म्हणून या अंकात पर्यटनाबद्दल सरळ बोलायचं ठरवलं आहे.

पहिली गोष्ट नावाची. बाहेरचा माणूस आला की आपल्या जागेचं नाव बदलतं. गुरं बसायची जागा ‘सनसेट पॉइंट’ होते. पाणवठा ‘व्ह्यू पॉइंट’ होतो. प्रवरेवरचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याला गव्हर्नर विल्सनचं नाव. मागच्या पाण्याला आर्थरचं नाव. पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.

हे आजचं नाही. राघोजी भांगरे आपल्या देवगावचे. इंग्रजांनी त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८५० मध्ये, ठाण्याचाच कलेक्टर मॅलेट यानं माथेरान ‘शोधून काढलं’ असं पुस्तकात छापलेलं आहे. त्या डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते. ते हरवले नव्हते आणि डोंगरही हरवला नव्हता. पण ज्यानं शोधलं असं लिहिलं जातं, मालकी त्याचीच धरली जाते. १९९६ साली राज्य सरकारनं खासगी पैशातून नवीन थंड हवेची ठिकाणं उभारायचं धोरण आणलं, त्याच्यामागंही हाच समज होता, की डोंगर मोकळाच पडलेला आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि जंगलाची. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पण एप्रिल-मे मध्ये धरणाच्या काठावरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर रात्र काढतात. धरणाचं पाणी खाली उसाला जातं. पाहुणा पावसाळ्यात येतो, फोटो काढतो आणि जातो. झऱ्यावरची रात्र त्याच्या फोटोत येत नाही. उद्या कड्यावर हॉटेल झालं, तर त्याच्या न्हाणीघराला पाणी कोणत्या झऱ्याचं लागणार, हे आताच विचारलं पाहिजे.

जंगलाचंही तसंच. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. तेव्हापासून सरपणाची मोळी आणली तर विचारणा, राबाला फांदी तोडली तर दम, गुरं आत गेली तर दंड. मात्र गडावर तंबू लागतात, शेकोट्या पेटतात, मोठ्या आवाजात गाणी वाजतात, तिथं हा कायदा झोपलेला असतो. मृगाच्या आधी हिरडा, बेहडा, जांभूळ, सादड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. आपण ते लहानपणापासून अंधारात गप बसून पाहिले. आता त्यांच्यावर गाडीचे दिवे मारतात आणि बुटांखाली चिरडतात. त्यांना ते नुसतं बघायचं दिसतं. आपल्याला ती पावसाची वर्दी आहे, पेरणीचं पंचांग आहे.

आता तिसरी गोष्ट, रोजगाराची. इथं आम्हाला खरं तेच बोलायचं आहे. आपली कित्येक पोरं गडवाटा दाखवून पैसे कमावतायत. बाया चुलीवर नागलीची भाकर, पिठलं, ठेचा करून पाहुण्यांना जेवू घालतायत. त्यातून वह्या-पुस्तकं आली, घरावर पत्रा आला, आळेफाटा-नारायणगावला टोमॅटो तोडायला जायचं काही घरांचं थांबलं. हे चांगलं आहे. जो पैसा आपल्या चुलीवरून, आपल्या ओटीवरून, आपल्या पायवाटेवरून येतो, तो आपला आहे. त्याला आमचा विरोध नाही, उलट तो वाढावा.

पण ओटीवर पाहुणा जेवू घालणं वेगळं आणि आपलीच जमीन विकून त्याच जमिनीवरच्या हॉटेलात भांडी घासणं वेगळं. कळसूबाईची गोष्ट म्हातारी माणसं सांगतात. कळसू कोळ्याची पोर. इंदोर गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले. घरच्यांनी तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली आणि तशीच डोंगर चढून गेली. परत उतरली नाही. आज १६४६ मीटर उंचीच्या, राज्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर तिचं देऊळ आहे. हजारो लोक तिथं चढून जातात आणि सेल्फी काढतात. तिनं डोंगर का जवळ केला हे त्यांना ठाऊक नसेल. आपल्याला ठाऊक आहे. कष्टाला ती कमी नव्हती. तिची अट मोडली, म्हणून ती गेली. आपल्यालाही कष्टाची लाज नाही. पण अट आपली असली पाहिजे.

अट घालायची तर कायद्याची ताकद लागते. ती ताकद आज आहे, पण कपाटात पडून आहे.

जमीन सातबाऱ्याची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ बघा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा भाड्यानं देता येत नाही. त्याला कलेक्टरची आगाऊ मंजुरी लागते. पाच वर्षांपर्यंतचं भाडं किंवा गहाण सोडलं, तर बाकी सगळ्याला राज्य सरकारची मान्यताही लागते. एजंटांना हे आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून ते खरेदीखत म्हणत नाहीत. ‘नुसतं साठेखत आहे’, ‘मुखत्यारपत्र आहे’, ‘भागीदारी आहे’, असं सांगून सही घेतात. नाहीतर कागदावर दुसऱ्याच आदिवासीचं नाव घालतात आणि मागं मालक वेगळाच असतो. नाव काहीही असू द्या, जमीन जाते ती जातेच.

जमीन जंगलाची असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून उठवता येत नाही. हा झाला एकट्याचा हक्क. त्याहून मोठा हक्क सामूहिक आहे. गावानं परंपरेनं राखलेलं आणि वापरलेलं सगळं जंगल राखायचा, त्याचा कारभार बघायचा हक्क कलम ३(१)(झ) मध्ये ग्रामसमाजाला दिलेला आहे. कलम ५ सांगतं की जंगल, वन्यजीव, पाण्याचे उगम आणि आपला सांस्कृतिक वारसा यांना इजा होऊ न देणं हे ग्रामसभेचं काम आहे.

याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये सरकारला गावाच्या सोयीसाठी जंगलाची जमीन वापरता येईल अशी तेरा कामं दिली आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, तळं, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर अशी ती यादी आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. आम्ही ही यादी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात रिसॉर्ट नाही. रोपवे नाही. तंबूंचं गाव नाही. आणि दुसऱ्या वाटेनं जंगलाची जमीन मागितली, तर ३ ऑगस्ट २००९ चं केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाचं पत्रक दाखवा. आधी वनहक्काचं काम पुरं करा, ग्रामसभेची संमती घ्या, मग बोला, असं त्यात आहे.

आता मुद्द्याचं. सामूहिक दाव्याला पुरावा काय द्यायचा, असं लोक आम्हाला विचारतात. नियम १३ मध्ये उत्तर आहे. गुरं चारायची जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायची जागा, वैदू औषध आणतो ती जागा, मासे धरायचा डोह, माणसाच्या आणि जनावराच्या पाण्याची जागा, देवाची झाडं, देवराई, मसणवटा, जुन्या बांधकामाच्या खुणा, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. जाणत्या माणसांचा जबाबही चालतो. म्हणजे ज्याला ते ‘पॉइंट’ म्हणतात, तोच आपला पुरावा आहे. त्यांच्या नकाशात जिथं लाल ठिपका आहे, तिथं आपल्या आजीनं हिरडा वेचला. तिथं वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तिथं कुणाची तरी समाधी आहे. ते नाव दाव्यात आलं तर जागा गावाची. नाव आलं नाही तर ठिपका त्यांचा.

म्हणून येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी प्रत्येक वाडीनं एवढं करावं.

एक. दोन जाणती माणसं, दोन बाया आणि दोन शिकलेली पोरं असं मंडळ करून शिवार फिरावं. प्रत्येक कडा, झरा, डोह, खिंड, देव यांचं आपलं नाव आणि तिथं आपण काय करतो ते वहीत लिहावं. बायांना घेतल्याशिवाय फिरू नये. पाण्याच्या आणि सरपणाच्या जागा त्यांनाच जास्त ठाऊक असतात.

दोन. ती वही सामूहिक दाव्याला जोडावी. दावा दिल्याची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी. पोच नसेल तर दावा दिलाच नाही असं समजावं.

तीन. आपल्या हद्दीत पाहुण्यांकडून गाडीची, गेटची पावती फाडली जात असेल तर पैसे कोण घेतं, किती जमले, कुठं खर्च झाले, याचा हिशोब ग्रामसभेत मागावा. पाहुणा आपल्या गावाचा, तर वहीही गावासमोर उघडली पाहिजे.

चार. पाहुण्यांसाठी गावाचे नियम ठरवावेत. किती गाड्या, कुठपर्यंत, कचरा कोण परत नेणार, दारू नाही, देवाच्या जागी चपला नाहीत, काजव्यांच्या दिवसांत दिवे बंद. नियम मराठीत मोठ्या अक्षरात लिहून वेशीवर लावावेत आणि त्या पाटीवर जागेचं आपलं नाव आधी लिहावं.

पाच. कोणत्याही कागदावर अंगठा देण्याआधी तो कागद वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून घ्यावा. जो माणूस “घाई आहे, आजच सही पाहिजे” म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवावं.

काही जण म्हणतात, आपण नाही म्हटलं तर रस्ता येणार नाही, वीज येणार नाही. रस्ता आणि वीज तेरा कामांच्या यादीत आहेत. ती मागायला जमीन विकावी लागत नाही. ती आपली मागणी आहे आणि हॉटेलवाला नसला तरी ती चालू राहणार आहे.

आपल्या पोरांनी वाटाड्या व्हावं, घरी पाहुणे ठेवावेत, कडा दाखवावा, राघोजींची आणि कळसूची गोष्ट सांगावी, पैसेही घ्यावेत. फक्त हे सगळं घरधनी म्हणून करावं. घरधन्याला पाहुणा कितीही आला तरी भीती नसते, कारण घराचा कागद त्याच्या पेटीत असतो. आपला कागद अजून पेटीत आलेला नाही. १५ ऑगस्टला जेवढे महिने-आठवडे उरलेत म्हणून आपण दिवस मोजत बसू, तेवढ्यात शिवार फिरून होईल. आवणी झाली की दुसऱ्याच दिवशी निघा.

जय आदिवासी!