चष्मा उतरवण्यापूर्वी

"डॉक्टरकाका, लॅसिक चांगली की स्माईल?" गेल्या कोजागिरीला मसाला दुधाचा पेला माझ्या हाती देत एका विशीतल्या तरुणाने विचारले. त्याच्या पहिल्या लशी माझ्याच दवाखान्यात टोचलेल्या. मी बालरोगतज्ज्ञ, नेत्रशल्यक्रिया हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा प्रश्न मला इंदुरात वारंवार ऐकू येतो, आणि तो विचारताना त्याआधीचा एक प्रश्न राहून जातो, असे माझे मत झाले आहे.

तिन्ही प्रचलित पद्धतींचे मर्म एकच: डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, लेसरने किंचित सपाट करणे. १९८० च्या दशकाअखेर आलेल्या पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा काढून खालच्या थराला आकार देतात. तीन-चार दिवस डोळा दुखतो, नजर स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. परंतु कॉर्निया पातळ असेल किंवा डोळ्याला मार लागण्याचा संभव असेल, तर आजही ही जुनी पद्धत श्रेयस्कर ठरते. लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून खाली लेसर चालवतात. दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसू लागते. मात्र झडप करताना मज्जातंतू कापले जातात, डोळे कोरडे पडतात, आणि जबर मार लागल्यास झडप पुढेही सरकू शकते. स्माईलमध्ये आतल्या आत एक सूक्ष्म चकती कापून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. झडप नाही, कोरडेपणा तुलनेने कमी. पण नजर लॅसिकपेक्षा थोडी सावकाश स्थिरावते. योग्य रुग्णात काही महिन्यांनंतरची दृष्टी तिन्ही पद्धतींत जवळपास सारखीच असते.

म्हणून पहिला प्रश्न हा, की हा डोळा शस्त्रक्रियेला योग्य आहे काय? कॉर्निया सुमारे ५४० मायक्रॉन जाडीचा. लॅसिकची झडप १०० ते १२० मायक्रॉनची, शिवाय प्रत्येक नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन खर्ची पडतात. झडपेखाली निदान २५० उरलेच पाहिजेत. वय १८ पूर्ण, नंबर किमान वर्षभर स्थिर, आणि कॉर्नियाचा नकाशा निर्दोष, या अटी पद्धत कोणतीही असो, टळत नाहीत.

त्या तरुणाच्या नकाशातच दोष निघाला. केरॅटोकोनसची सुरुवात होती. कॉर्निया पातळ होऊन पुढे येऊ लागला होता. लॅसिक नाही तर स्माईल तरी करा, असा वडिलांचा आग्रह होता. नेत्रतज्ज्ञांनी ठाम नकार देऊन विकार थोपवण्यासाठी क्रॉस-लिंकिंग सुचवले. तो नकार हीच त्याच्यावर झालेली सर्वांत मोठी कृपा होय.

घरी येऊन मी जुने कागद काढले. दर उन्हाळ्यात हा मुलगा लाल, खाजऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे येई. मी थेंब लिहून देई. डोळे चोळू देऊ नका, कारण सतत चोळण्याचा केरॅटोकोनसशी संबंध आहे, हे सांगितल्याची नोंद एकाही पानावर नाही. नेत्रतज्ज्ञांकडेही मी त्याला वेळेत पाठवले नाही. ही माझी उणीव मी येथे मोकळेपणाने नोंदवतो.

शस्त्रक्रियेने नंबर जातो. लांबट झालेला डोळा तसाच राहतो. मोठा नंबर असणाऱ्यांचा पडदा सुटण्याचा धोका चष्म्याबरोबर जात नाही, म्हणून पडद्याची तपासणी आयुष्यभर करावी. शस्त्रक्रियेपूर्वीची मापेही जपून ठेवावीत. पुढे मोतीबिंदूच्या भिंगाचे गणित करताना ती उपयोगी पडतात.

आणि निकटदृष्टिता रोखण्याची संधी बालपणातच असते. चीनमधील ग्वांगझू येथील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या शाळांत रोज ४० मिनिटे जादा मैदानी तास ठेवला तेथे तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मैदानाला कोणतेही यंत्र लागत नाही.

माझ्या बालरोगतज्ज्ञ बंधुभगिनींना म्हणूनच एवढीच विनंती: वजन-उंचीच्या नोंदीशेजारी दृष्टीची नोंद ठेवा, आणि डोळे चोळणाऱ्या मुलाला नुसते थेंब देऊन परत पाठवू नका.